म्हणजे दुखणं मनाचंच होतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक नव्हे. पेशंटचे नातेवाईक विचारतात, सिस्टर विचारतात, सर्जन मित्र विचारतात, आणि शब्द जवळजवळ तेच असतात: “संमोहनानं दुखणं कमी झालं, म्हणजे ते मुळात मनाचंच होतं ना?”

मी भूलतज्ज्ञ आहे. वेदनांच्या ओपीडीत बसते, औषधं देते, नसांभोवती इंजेक्शनं देते आणि काही पेशंटना त्यांच्या संमतीनं संमोहनही देते. लोलक, स्टेजवरचे खेळ, ‘माणूस आपल्या ताब्यात जातो का’ हे सगळं इथे काढत नाही. हा एकच प्रश्न घेते. तो विचारणाऱ्याला साधा वाटतो, पण त्यानं एका बाईचे हाल झालेले मी पाहिले आहेत.

सरळ उत्तर आधी देते: नाही. मॉर्फिननं दुखणं थांबलं तर ते मॉर्फिनच्या कमतरतेमुळे होतं असं कुणी म्हणत नाही. उपाय कुठून लागू पडला यावरून दुखण्याचं मूळ ठरत नाही. बेल्जियममध्ये लिएज इथे मारी-एलिझाबेथ फेमोनविल यांच्या चमूनं 1992 पासून हजारो शस्त्रक्रिया संमोहन, जागेवरची भूल आणि अगदी थोडं शामक एवढ्यावर केल्या. त्यात गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठींच्याही आहेत. गळ्यावर सुरी चालत असताना पेशंट जागा असतो, बोलू शकतो. ती गाठ मनाची होती का? 1845 मध्ये, इथर हे बेशुद्ध करणारं औषध यायच्या आधी, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जननं मेस्मेरिझम म्हणजे संमोहनाच्या तेव्हाच्या रूपाखाली मोठमोठ्या गाठी कापून काढल्या. त्याचं स्पष्टीकरण आज कुणी मान्य करणार नाही, पण गाठी खऱ्या होत्या.

मेंदूत काय घडतं तेही थोडंफार दिसलेलं आहे. 1997 मध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांना कडक गरम पाण्यात हात धरायला सांगितलं आणि संमोहनात सूचना दिली की हे कमी त्रासदायक वाटेल. त्रास कमी झाला, आणि त्याबरोबर मेंदूतल्या, वेदनेचा त्रास किती वाटतो याच्याशी संबंध असलेल्या पुढच्या सिंग्युलेट भागातली हालचाल बदलली. चटका कुठे आणि किती हे टिपणारा भाग मात्र तसाच राहिला. त्याच गटानं पुढे सूचना बदलून ‘चटकाच कमी वाटेल’ असं सांगितलं, तेव्हा हा दुसरा भागही बदलला. म्हणजे पेशंट नाटक करत नाही आणि माझं मन राखायला ‘बरं वाटतंय’ असंही म्हणत नाही. सूचनेनं मेंदूतली वेदनेची प्रक्रिया बदलते, आणि कोणती सूचना दिली त्यावर ती कुठे बदलते हे ठरतं.

एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न विचारतात. म्हणून आता त्या बाईंबद्दल सांगते.

बर्न्स वॉर्डमधल्या पेशंट होत्या. दोन्ही मांड्या आणि ओटीपोट भाजलेलं. भाजलेल्याचं ड्रेसिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको: चिकटलेली पट्टी सुटताना, जखम धुताना, मेलेली कातडी काढताना जे होतं ते सहन करणं वेगळंच, आणि ते थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा. मॉर्फिन चालू होतं. तरी ट्रॉलीचा आवाज आला की त्यांना थरथर सुटायची. त्यासाठी मला बोलावलं.

मी त्यांना सगळं आधी सांगितलं. तुम्ही झोपणार नाही, सगळं ऐकू येईल, नको वाटलं तर कधीही थांबवता येईल, आणि औषध चालूच राहील. हे शेवटचं त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मनानं जायची जागा त्यांनीच निवडली: नदी. कमरेपर्यंत गार पाण्यात उभं राहायचं, मांड्या हळूहळू बधिर होत जातात, काठावर कुणाचं तरी काम चाललंय, त्याचे आवाज येतात पण ते काठावरचे. आधी जखमेला हात न लावता सराव केला. मग ड्रेसिंगला. सुरुवातीला त्यांची बोटं चादरीत रुतलेली होती. पुढच्या खेपेला सैल पडली, श्वास संथ झाला. मधेच “जरा थांबा” म्हणाल्या, आम्ही थांबलो, मग त्यांनी हो म्हटल्यावर पुढे गेलो. संपल्यावर म्हणाल्या, “दुखलं. पण लांब होतं.”

हे वॉर्डमधल्या सगळ्यांनी पाहिलं. मग मी रजेवर असताना राउंडला एका वरिष्ठांनी विचारलं, नुसतं बोलून थांबतंय तर हिला एवढं मॉर्फिन कशाला? ड्रेसिंगआधीचा डोस निम्मा झाला. त्या दिवशी त्यांच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं. त्या ओरडल्या तेव्हा त्यांना ऐकवण्यात आलं, “मॅडम असताना नाही दुखत, मग आत्ताच कसं दुखतं?”

परत आल्यावर भांडून डोस पूर्ववत करून घेतला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, ताई, उद्या पुन्हा नदीवर जायचं का? त्या म्हणाल्या, “नको मॅडम. डोळे मिटून शांत पडलं की यांना वाटतं मला दुखत नाही. ओरडलेलं बरं.”

मी समजावायला गेले नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. औषध मिळवायला त्यांच्याकडे स्वतःचा आवाज तेवढा होता. पुढची सगळी ड्रेसिंग त्यांनी डोळे उघडे ठेवून, ओरडत काढली. उपयोगी पडणारी एक गोष्ट हाताशी असताना त्यांना ती टाकून द्यावी लागली.

म्हणून हा प्रश्न ऐकला की माझा आवाज चढतो.

पण मी आधी जे बोलत असे त्याच्याशीही माझं भांडण आहे. संमोहनाची बाजू मांडताना माझा पहिला मुद्दा असायचा की औषध कमी लागतं. हे खरंच आहे. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एल्विरा लँग यांचा 241 पेशंटचा अभ्यास आला: शरीरात नळ्या घालून करायच्या प्रक्रिया संमोहनासोबत सरासरी 61 मिनिटांत झाल्या, नेहमीच्या पद्धतीनं 78 मिनिटांत, आणि औषध बरंच कमी लागलं. 2007 मध्ये गाय माँटगोमेरी यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी 15 मिनिटांचं संमोहन देऊन 200 स्त्रियांमध्ये हेच दाखवलं, शिवाय पेशंटमागे 772 डॉलर वाचल्याचं मांडलं. हे आकडे मी बैठकांमध्ये ठेवत आले, कारण खर्चाचं बोललं की ऐकून घेतात. आता मात्र मी लँग यांच्या अभ्यासातली एक गोष्ट आधी सांगते: त्यात औषधाचं बटण पेशंटच्या हातात होतं. औषध कमी लागलं कारण पेशंटनीच कमी घेतलं. त्या बाईंच्या हातात बटण नव्हतं.

आणि जिथे जखम दाखवता येत नाही तिथे माझं उत्तर एवढं ठाम राहत नाही, हेही सांगायला हवं. आयबीएस या आतड्याच्या दुखण्यावर, ज्यात तपासण्यांत काही सापडत नाही, संमोहन उपयोगी पडतं हे मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्ये दाखवलं. वर्षभर औषधांनी गुण आला नाही तर याचा विचार करावा, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2008 मध्ये मार्गदर्शनात घातलं. यातल्या बऱ्याच पेशंटच्या आतड्यात फुगा फुगवून पाहिलं तर इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखतं. पण ओपीडीत माझ्याकडे फुगा नसतो, रिपोर्ट सगळे नॉर्मल असतात आणि समोर नातेवाईक बसलेले असतात. तिथे संमोहन लागू पडलं तर दुखणं खोटं ठरतं. नाही पडलं तर ‘तूच मनापासून केलं नाहीस’ असं होतं. खरं तर सगळ्यांची संमोहनक्षमता सारखी नसते, ती मोजायची स्टॅनफर्डची मोजपट्टी 1959 पासून आहे. काहींवर फारसा परिणाम होतच नाही आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

हल्ली केसपेपरवर संमोहनाच्या नोंदीखाली मी लिहिते: डोस कमी करण्याआधी पेशंटला विचारावं. काही ठिकाणी ते पाळतात. पण ज्या पेशंटवर आधीच कुणाचा विश्वास नाही, त्याला संमोहन द्यावं की नाही, यावर माझं आणि माझ्या तरुण सहकारी डॉक्टरचं एकमत होत नाही. ती म्हणते, लोक काय म्हणतील म्हणून उपाय नाकारणारे आपण कोण? मी म्हणते, लोकांच्या म्हणण्याचा परिणाम पेशंटच्या सलाइनपर्यंत पोचतो. तिचं म्हणणं मला पटतं आणि माझंही सुटत नाही. सध्या पोटदुखीचा असाच एक पेशंट आमच्याकडे येतोय. फाइल जाड आहे, निदान काही नाही, आणि सोबत भाऊ असतो, जो हाच प्रश्न विचारणार. पुढच्या वेळी भावाला बाहेर बसवून पेशंटलाच दोन्ही बाजू सांगायच्या, एवढंच आमचं ठरलंय.