पाव मैलासाठी पॉडिंग्टनला: सॅन्टा पॉडच्या युरोपियन फायनल्सचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी शेजारी-शेजारी, थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ पट्टीवर लावलेली शर्यत, परंपरेने पाव मैलाची. तिच्या युरोपियन फायनल्स इंग्लंडमधल्या सॅन्टा पॉडला होतात. लंडनच्या सेंट पँक्रसहून जवळच्या वेलिंगबरोला थेट रेल्वे आहे आणि ती तासाभरात पोहोचवते. अडचण त्यापुढे सुरू होते. सॅन्टा पॉड रेसवे पॉडिंग्टन गावाबाहेर, स्टेशनपासून साधारण १३ किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध आहे. बसच्या भरवशावर निघू नये. जाताना टॅक्सी मिळते, पण रविवारी संध्याकाळी सगळी गर्दी एकदम बाहेर पडते तेव्हा मिळत नाही. म्हणून सकाळी सोडणाऱ्या चालकाशीच परतीची वेळ ठरवून ठेवावी. गाडीने जाणाऱ्यांनी एम-१ महामार्ग १४ नंबरच्या जंक्शनला सोडून ए-५०९ धरावा आणि ओल्नीवरून वोलॅस्टनपर्यंत यावे. शेवटचा रस्ता अरुंद आहे. शनिवारी सकाळी उशीर केला तर पात्रता फेरीचे पहिले सत्र रांगेतच ऐकावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमाने उडत. १९६६ च्या ईस्टरला त्याच धावपट्टीवर युरोपातली पहिली कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिप सुरू झाली. त्याआधी १९६४ मध्ये सिडनी अलार्ड यांच्या पुढाकाराने डॉन गार्लिट्ससारखे अमेरिकी चालक ब्रिटनमधल्या विमानतळांवर धावून गेले होते. या खेळाची मुळे अशी रिकाम्या पडलेल्या लष्करी धावपट्ट्यांत आहेत आणि आजची चिंताही तिथेच आहे, कारण रिकामी सपाट जमीन घरबांधणीलाही हवी असते. स्ट्रॅटफर्डजवळच्या लाँग मार्स्टन विमानतळावरची शेक्सपियर काउंटी रेसवे अशीच बंद पडली.

युरोपियन फायनल्स सप्टेंबरात, सहसा गुरुवार ते रविवार असतात. मे महिन्याच्या शेवटी इथलीच ‘मेन इव्हेंट’ नावाची दुसरी मोठी शर्यत होते. एकच निवडायचे असेल तर सप्टेंबर निवडावा, कारण अजिंक्यपदांचा निकाल तिथे लागतो आणि थंड हवेत इंजिने जास्त जोर धरतात. एकच दिवस हाताशी असेल तर रविवार नव्हे, शनिवार घ्यावा. शनिवारी पात्रतेसाठी प्रत्येक गाडी धावते. रविवारी बाद फेऱ्या असल्याने दुपारनंतर गाड्या निम्म्या-निम्म्याने कमी होत जातात आणि मधला वेळ वाढतो. दोन्ही दिवस जमले तर उत्तमच.

तंबू टाकायचा असेल तर लांब खुंट्या न्याव्यात. सपाट मैदानावर वारा अडवायला काही नसते. सप्टेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते, गवत दवाने भिजते आणि साध्या बुटांनी गेलेल्यांचे पाय दुपारपर्यंत ओले राहतात. शाकाहारी माणसाने खाण्याच्या गाड्यांवर फार विसंबू नये. चिप्स मिळतात, त्यापलीकडे नशीब. ठेपले, दशम्या, चटणी असे टिकणारे सोबत असले की दिवस निभतो.

कानांचा विषय गंमतीवारी नेऊ नये. टॉप फ्युएल या सर्वात वेगवान वर्गातल्या गाडीचा आवाज सुरुवातीच्या रेषेजवळ जेट विमानाच्या बरोबरीचा असतो आणि तो छातीत, दातांत जाणवतो. फोमचे प्लग नीट वळून आत बसवावेत आणि वरून कान झाकणारे मफ घालावेत. लहान मुलांना मफ आधी घरी घालून सवय करावी, नाहीतर ऐन वेळी ती काढून टाकतात. बाळांना पिट्सपासून, म्हणजे संघ गाड्या उघडून जुळवतात त्या आवारापासून, लांबच ठेवावे.

पिट्समध्ये सर्वांना मोकळेपणाने फिरता येते. फॉर्म्युला वनच्या सवयीने गेलेल्याला हे खरे वाटत नाही. शर्यत झाल्यावर थेट टॉप फ्युएलच्या तंबूपाशी जाऊन उभे राहावे. तासाभराच्या आत सिलिंडर हेड उतरतात, पिस्टन आणि बेअरिंग तपासले जातात, क्लचच्या चकत्या बदलतात, तेल बदलते आणि १६ स्पार्क प्लग (प्रत्येक सिलिंडरला दोन) नवे बसतात. शेवटी इंजिन सुरू करून बघतात. त्या वेळी वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये. या गाड्यांचे इंधन असलेल्या नायट्रोमिथेनच्या धुराने डोळ्यांतून घळाघळा पाणी येते आणि घसा आवळतो. वारा पाठीमागून येईल अशी जागा धरावी, आणि दमा असलेल्याने तो तंबूच टाळावा.

गाडीच्या आत काय चालले आहे हे माहीत असले तर पाहण्यात चौपट मजा येते. ८.२ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-८ इंजिन, ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, उरलेले मिथेनॉल. नायट्रोमिथेन स्वतःतच ऑक्सिजन बाळगून असते, म्हणून तेवढ्याच हवेत पेट्रोलपेक्षा कितीतरी पट जास्त इंधन जाळता येते. इंजिनाला थंड करायला पाणी नसते, ते काम इंधनच करते. गिअरबॉक्स नसतो. वेगाचे सगळे गणित क्लच किती हळू किंवा घाईने पकडतो यावर असते. ताकद सुमारे ११,००० अश्वशक्ती. टॉप फ्युएलची धाव आता १,००० फुटांची, म्हणजे ३०५ मीटरची असते. बाकी बहुतेक वर्ग पूर्ण पाव मैल, ४०२ मीटर धावतात. युरोपातल्या चांगल्या टॉप फ्युएल गाड्या पावणेचार ते चार सेकंदांत ते अंतर कापतात.

धाव बिघडते कुठे ते बघायला सुरुवातीच्या रेषेच्या अगदी मागे न बसता ६० ते १०० मीटर पुढे बसावे. क्लचने जास्त लवकर पकडले की टायर धूर काढून फिरतात. कमी पकडले तर टायरची भिंत दुमडून सुटते, पुन्हा दुमडते आणि गाडी थरथरायला लागते. या थरथरीत चालकाला समोरचे दिसेनासे होते, म्हणून तो ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. रात्रीच्या धावेत एक्झॉस्टच्या आठ ज्वाळा मोजाव्यात. एखाद्या नळीतून ज्वाळेऐवजी पांढरी वाफ निघत असेल तर तो सिलिंडर मेला आहे. त्या बाजूचा एक्झॉस्टचा दाब कमी झाल्याने गाडी एका अंगाला सरकू लागते. चालकाने तरीही पाय दाबून ठेवला तर न जळलेले इंधन साठून इंजिन फुटते, आणि मग पट्टीवर सांडलेले तेल साफ करण्यात तास जाऊ शकतो. जेवण तेव्हाच उरकून घ्यावे.

पट्टीकडेही लक्ष द्यावे, कारण युरोपातल्या ड्रॅग रेसिंगची तब्येत पट्टीवरून कळते. सॅन्टा पॉडने २०१८ च्या हंगामाआधी जुना पृष्ठभाग काढून सगळी पट्टी काँक्रीटची केली. स्वीडनमधले टिएर्प अरेना २०११ मध्ये सुरू झाले तेच पूर्ण काँक्रीटवर. डांबर उन्हात मऊ पडते आणि जोराखाली सरकते. काँक्रीट तसे करत नाही. त्यावर चिकट रसायन फवारतात, ट्रॅक्टरला लावलेले टायर घासून रबराचा थर बसवतात. चालत गेलात तर बूट निघेल इतकी पकड असते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती पाहिलेल्यांना हा फरक लगेच जाणवेल. विमानाच्या धावपट्टीवर पहिल्या २० मीटरांत गाडी घसरते, इथे तीच गाडी उडी घेते. मात्र पाण्याचे चार थेंब पडले की हाच रबराचा थर साबणासारखा होतो आणि सगळे थांबते. सुकवायला वेळ लागतो. म्हणून तिकीट काढताना पावसाबाबतचा नियम वाचावा आणि एका दिवसाऐवजी शनिवार-रविवार जोडून घ्यावा.

आता खेळाच्या अवस्थेबद्दल. पिट्समधल्या ट्रकांच्या नंबरप्लेट वाचत एक फेरी मारली की बरेच कळते. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे यांचे वजन डोळ्यांत भरते. स्वीडनमध्ये जुन्या अमेरिकी गाड्या पाळणारी रागारे मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे तिथे व्ही-८ इंजिन उघडणारे हात गावोगाव सापडतात. टॉप फ्युएलच्या गाड्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच. एफआयए या जागतिक मोटर-स्पोर्ट संघटनेची युरोपियन स्पर्धा १९९६ पासून चालू आहे, पण बहुतेक संघ स्वतःच्या धंद्याच्या पैशावर चालतात आणि मेकॅनिक मंडळी सुट्टी काढून येतात. महत्त्वाचे सुटे भाग अमेरिकेतून डॉलरमध्ये येतात. युनायटेड किंग्डम युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून खंडातल्या संघांना सॅन्टा पॉडला येण्यासाठी गाडी आणि सुट्या भागांची यादी करून सीमाशुल्काचे कार्ने, म्हणजे सामान तात्पुरते आणल्याचा कागद, काढावे लागते. लहान संघ याच कागदांपाशी अडतात. नायट्रोमिथेनवरही नजर आहे: ते स्फोटकांचा कच्चा माल ठरत असल्याने युरोपियन युनियनच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत १६ टक्क्यांहून जास्त प्रमाणातले नायट्रोमिथेन सामान्य माणसाला परवान्याशिवाय घेता येत नाही.

चांगले चालक तयार होतात, टिकत नाहीत. स्वीडनची इडा झेटरस्ट्रॉम लहानपणी ज्युनिअर ड्रॅगस्टर या मुलांच्या छोट्या गाड्यांमधून आली, २०२३ मध्ये टॉप फ्युएलची युरोपियन विजेती झाली आणि लगेच अमेरिकेच्या एनएचआरए मालिकेत गेली. तिला दोष कोण देणार? तिथे हंगामात जितक्या शर्यती मिळतात त्यापेक्षा इथे खूपच कमी. आमचे मत विचाराल तर टॉप फ्युएलवरून या खेळाचे भवितव्य मोजूच नये. प्रो मॉडिफाइड या वर्गाकडे बघावे: सुपरचार्जर, टर्बो आणि नायट्रस या इंजिनाची ताकद वाढवायच्या तीन पद्धती एकमेकांसमोर, पूर्ण पाव मैल सहा सेकंदांच्या आत, आणि गाड्यांची संख्याही बरी. मोटरसायकलींचे वर्गही जिवंत आहेत. प्रो स्टॉक हा वर्ग मात्र युरोपात क्षीण झाला आहे, त्याचे इंजिन सतत उघडून जुळवायचा खर्च कोणाला परवडत नाही.

पट्टी चालते ती या मोठ्या शर्यतींवर नाही, वर्षभराच्या साध्या दिवसांवर. बग जॅमसारखे फोक्सवॅगनवाल्यांचे मेळे, आणि ‘रन व्हॉट या ब्रंग’, म्हणजे आपली गाडी आणा, पैसे भरा, पळवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एकदा तरी या दिवसाला जावे. भाड्याची गाडी नेऊ नये, करार मोडतो. स्वतःचा विमाही बहुधा पट्टीवर लागू नसतो, तो कागद आधी वाचावा. मूळ परवाना खिशात हवा. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आधी विचारून घ्यावे. लांब बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट आणि हेल्मेट.

डिकी आणि सीटखाली काही सुटे ठेवू नये, चटया काढाव्यात. बॅटरी हलत नाही ना, कूलंट कुठून गळत नाही ना, हे घरीच बघावे. कूलंट तेलापेक्षा वाईट, ते दिसत नाही. रस्त्याच्या टायरवर असाल तर बर्नआउटच्या, म्हणजे टायर जागीच फिरवून तापवायच्या, पाण्यात गाडी घालू नये, बाजूने जावे. नक्षीतल्या खाचा पाणी धरतात आणि ते नेमके सुरुवातीच्या रेषेवर टपकते. कोरड्या जागी टायर क्षणभर फिरवून साफ केले की पुरे. मग सावकाश पुढे सरकावे: सुरुवातीच्या रेषेवरच्या दिव्यांच्या खांबावर पहिला दिवा लागला की थांबावे, समोरच्याला तयार होऊ द्यावे, मग इंचाइंचाने दुसरा दिवा. शेवटचा पिवळा दिसताच गाडी सोडावी; हिरव्याची वाट पाहिली तर उशीर झालाच.

पहिली धाव मुद्दाम सौम्य घ्यावी. चाक उड्या मारायला लागले तर पाय काढावा, कारण एक्सल आणि सीव्ही जॉइंट तिथेच तुटतात. शेवटची रेषा ओलांडल्यावर ब्रेक एकदम दाबू नये, आणि बाहेर वळताना बाजूच्या गाडीच्या पुढून कधीच कापू नये. धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवर आधी ६० फुटांची वेळ बघावी. तिथे दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात. टर्बो गाडीची दुसरी-तिसरी धाव मंदावली तर इंटरकूलर तापला आहे, बॉनेट उघडून अर्धा तास थांबावे. विजेच्या गाड्या सुरुवातीला भल्याभल्यांना मागे टाकतात, पण बॅटरी तापली आणि चार्ज उतरला की त्यांचीही वेळ घसरते.

जर्मनीत राहणाऱ्यांना सॅन्टा पॉड लांब वाटत असेल तर ऑगस्टमधले हॉकेनहाइमचे नायट्रोलिम्पिक्स बघावे. वाल्डोर्फमध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना ते अक्षरशः शेजारच्या गावात आहे. स्टेडियमसारख्या बंदिस्त मोटोड्रोममध्ये आवाज उलटून परत अंगावर येतो. शनिवारची रात्र तिथली खरी, जेट गाड्या आणि आतषबाजीसकट. तिकीट त्याच दिवसाचे काढावे. स्कँडिनेव्हियात जायचे असल्यास तारखा दरवर्षी नव्याने बघाव्या लागतात, युरोपियन स्पर्धेच्या फेऱ्या इकडून तिकडे हलतात. वेळापत्रक जाहीर झाल्याशिवाय विमानाचे परत न मिळणारे तिकीट काढू नये.