खरं कारण

मारबतीचा दिवस, रात्री

आज शाळेला सुट्टी. मारबतीच्या मिरवणुकीने नागपूरचे रस्ते अडायच्या आत, सकाळी आठलाच महाल भागात आईकडे जाऊन बसले. दारं-खिडक्या लावल्या तरी ढोल-ताशे भिंतींतून आत येत होते आणि मधूनमधून ती आरोळी, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, पीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेतात तो मारबतीचा पुतळा; त्यातली काळी मारबत 1881 पासून निघते. आमच्या घरातल्या किती पिढ्यांनी हा गलका दारात उभं राहून ऐकला असेल. मी 47 वर्षांची झाले, पण एकदाही दारात उभी राहिलेली नाही.

आज मुद्दाम आईशी बोलायला गेले होते. रामदासपेठेतल्या मानसतज्ज्ञ बाईंनी मागच्या भेटीत सांगितलं होतं की शाळेत जायच्या आधीची तुम्ही ज्यांना आठवता, अशा कोणाशी मला बोलायचं आहे. मोठ्या माणसाची स्वमग्नता (ऑटिझम) तपासताना लहानपण विचारावंच लागतं. ही गोष्ट चाळिशीत उगवत नाही, असली तर पहिल्यापासून असते. पुढच्या महिन्यात आईला घेऊन जायचं आहे. त्याआधी तिला हे सगळं काय आहे ते सांगणं भाग होतं. गेले तीन आठवडे मी ते टाळत होते.

सांगितलं. ती ऐकत तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “मारबतीच्या दिवशी तू माळ्यावर जाऊन बसायची. धान्याच्या कोठीमागे. तुझे आजोबा ओरडायचे, पोरगी भित्री आहे म्हणून. मी तुझ्या कानात कापूस घालून द्यायची, आठवते का?”

आठवत नव्हतं. माळा आठवतो, कोठीचा गार पत्रा आठवतो, गव्हाचा वास आठवतो. कापूस आठवत नाही.

“आणि जरीचा परकर घातला की अंगावर वळ उठल्यासारखी रडायची. मग मी आतून मलमलीचं अस्तर लावून दिलं. जेवताना वरण भाताला लागलं की ताट सोडून उठायची, म्हणून वाटी वेगळी.” एकेक करत तिने आठ-दहा गोष्टी सांगितल्या. मी वहीत लिहून घेत होते आणि माझा हात थरथरत होता. मी विचारलं, आई, तुला तेव्हा काय वाटायचं? माझ्यात काही वेगळं आहे असं?

“तुला त्रास होते हे दिसत होतं मला. त्याला नाव कशाला लागते?”

संध्याकाळी तान्ह्या पोळ्याची लेकरं लाकडी नंदी घेऊन दारोदार येऊ लागली. आई त्यांना बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, द्यायला उठली, मी आत बसून राहिले. परत येताना मेट्रोत जरा रडले. दुःख झालं म्हणून नाही. 40 वर्षांपूर्वी मला कोणीतरी कापूस दिला होता, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरा दिवस

हे सुरू कुठून झालं ते एकदा नीट लिहून ठेवते, तज्ज्ञ बाईंनाही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी सहावीत एक मुलगा आला. स्वमग्नतेचं प्रमाणपत्र असलेला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची नोंद आहे, त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी तपासणी करतात तिच्यात 40 बाबी असतात, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. विशेष शिक्षिकेने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि मी तो नेहमीसारखा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्या दिवशी त्याची आई भेटायला आली होती. म्हणाली, घरी आला की दोन-दोन तास बोलत नाही, काय करावं समजत नाही. मी म्हटलं, बोलायला लावू नका. खोलीतला दिवा बंद करा, पंखा चालू ठेवा, पाणी जवळ ठेवा आणि काहीही विचारू नका. तो आपणहून बाहेर येईल.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मॅडम, तुमाले कसं माहीत?”

मी काहीतरी बोलले, प्रशिक्षणात सांगतात वगैरे. ते खोटं होतं. मी स्वतः रोज संध्याकाळी तेच करते.

त्या रात्री मोठ्यांसाठीची 50 प्रश्नांची प्रश्नावली शोधून भरली. 2001 साली केंब्रिजच्या संशोधकांनी केलेली. तिच्या मूळ अभ्यासात स्वमग्न मोठ्या माणसांपैकी सुमारे 80 टक्के लोकांना 32 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले होते आणि इतरांपैकी फक्त 2 टक्के लोकांना. मला 37 आले. तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं की ही चाळणी आहे, निदान नव्हे. चिंतेनेही आकडा वर जाऊ शकतो, आणि तुम्ही चिंतेत तर आहातच. त्यामुळे मी अजून ‘कदाचित’ इथेच आहे.

पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या नियमावलीत असं म्हटलं आहे की लक्षणं लहानपणापासून असतात, पण आजूबाजूच्या लोकांच्या अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात. आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श यांचा त्रास हाही निकषांमध्ये त्याच वर्षी आला. म्हणजे मी 35 वर्षांची होईपर्यंत माझ्या माळ्यावर बसण्याला तिथे जागाच नव्हती.

मी 21 वर्षं गणित शिकवलं. वर्गात मला काही अवघड गेलं नाही. तास 35 मिनिटांचा, कोण कुठे बसणार ठरलेलं, बोलायचं कशावर ते ठरलेलं. मुलं सरळ बोलतात, समजलं नाही तर समजलं नाही म्हणतात. मग सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक झाले, त्याला आता तीन वर्षं झाली.

कामाचा भार मला वाटत होता तसा नाही. संचमान्यता म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, शालार्थवरची पगारबिलं, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, पोषण आहाराच्या नोंदी, सगळे ज्याच्या नावाने रडतात त्यातलं मला काहीच रडवत नाही. 24 वर्ग आणि 36 शिक्षकांचं वेळापत्रक मी मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, आलेखाच्या कागदावर हाताने करते, आणि जूनअखेर शाळा उघडते तेव्हा एकही तास दुसऱ्यावर चढत नाही. त्या चार दिवसांइतकी शांतता मला वर्षभरात कुठेच मिळत नाही. एका सरांच्या वेतननिश्चितीतली नऊ वर्षं जुनी चूक मला एका संध्याकाळी दिसली, कारण रकान्यातला एक आकडा बाकीच्यांसारखा वाढत नव्हता. मला हे पद सोडायचं नाही, हे इथे लिहून ठेवते. मी शाळा चांगली चालवते.

दमवतं ते न सांगता येणारं. सकाळी सातला प्रार्थना, तेव्हापासून दार उघडलं की कोणीतरी. पालक, संस्थेचा माणूस, वर्गणीवाले, रडणारी मुलगी, भांडलेले दोन शिक्षक. प्रत्येकासाठी चेहरा बदलायचा, आवाज बदलायचा. आणि लोक जे बोलतात त्याच्या मागे जे असतं, ते ओळखायचं. तिथे मी कमी पडते.

फेब्रुवारीतली गोष्ट. दहावीच्या पर्यवेक्षणासाठी दुसऱ्या केंद्रावर एक शिक्षिका पाठवायची होती. एका मॅडमना विचारलं, जाल का? त्या म्हणाल्या, “बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.” मला वाटलं, होकार आहे. यादीत नाव घातलं. दोन दिवसांनी शिक्षक खोलीत त्या रडत होत्या. सासरे मेडिकलला भरती होते, रात्री त्याच थांबत होत्या. सगळ्यांना माहीत होतं. मलाही कोणीतरी सांगितलं असणार, जिन्यात, येता-जाता, तीन गोष्टींमध्ये एक म्हणून. एक ज्येष्ठ शिक्षक मला ऐकू जाईल असं म्हणाले, “दगड बसवला आहे खुर्चीत.”

मी केबिनचं दार लावून फाइल उघडली आणि तासभर त्याच पानावर बसले. मला वाईट वाटत नाही असं त्यांना वाटत होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि न निघालेला शब्द बाहेरून दगडासारखाच दिसतो. संध्याकाळी त्या मॅडमना चिठ्ठी लिहिली. ‘मला तुमच्या बोलण्यातला नकार कळला नाही. कळला असता तर नाव घातलं नसतं. नाव काढलं आहे. यापुढे मला कृपया सरळ नाही म्हणा, मला राग येणार नाही.’ दुसऱ्या दिवशी त्या आल्या, काही बोलल्या नाहीत, माझ्या टेबलावर डब्यातली एक करंजी ठेवून गेल्या. त्याचा अर्थ मला पर्यवेक्षक मॅडमना विचारावा लागला.

तेव्हापासून कोणाला काम सांगताना मी तीन पर्याय देते. हो, नाही, की नाइलाजाने हो? सुरुवातीला लोक हसले. आता एकमेकांशीही तसंच बोलतात. डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने 2012 मध्ये मांडलंय की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. स्वमग्न माणसाला इतरांचं कळत नाही, तसं इतरांनाही त्याचं कळत नाही. तो स्वतःही स्वमग्न आहे. हे वाचलं तेव्हा मला ती जिन्यातली बातमी आठवली. मला ती ऐकू गेली नाही हे खरं, पण ती मला जिन्यातच सांगितली गेली हेही खरं.

बाकीच्या युक्त्या माझ्या आधीपासूनच्या आहेत. स्कूटी सोडून मेट्रो, सुभाषनगर ते चितार ओळी, सीताबर्डीची गर्दी टळावी म्हणून ठरलेला डबा. 15 ऑगस्टच्या भाषणाचं एकेक वाक्य लिहून पाठ. कोणाकडे भेटायला जायचं असेल तर काय म्हणायचं ते डायरीच्या मागच्या पानावर. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन रात्री नऊनंतर येतो, तो घेते, पण बोलणं झाल्यावर मुद्दे लिहून त्यांना पाठवते, ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून. नवरा म्हणतो, इतकं सगळं जमवलंस, मग आता नाव कशाला हवं? तो प्रेमाने म्हणतो. पण हे सगळं जमवताना मी प्रत्येक गोष्टीला एक खोटं कारण दिलं आहे, ते त्याला माहीत नाही. माझ्या केबिनवरची विजेची घंटा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवली, तेव्हा मी वायरिंग खराब आहे म्हटलं. सहलीला जात नाही, तेव्हा गुडघा. स्नेहसंमेलनात मधेच बाहेर जाते, तेव्हा फोन. कोणाला कोणतं कारण दिलं, तेही लक्षात ठेवावं लागतं. त्याचाच शीण जास्त आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी

आज चितार ओळीला उतरले तर रस्ताभर मूर्ती, ताटं, गुलाल, ट्रॉल्या. शाळेत पोचेपर्यंतच निम्मी दमले होते. त्यात महालक्ष्म्या तोंडावर. सोळा भाज्या, आंबील, घरात वीस माणसं. जाऊबाईंना यंदा आधीच सांगितलं आहे, मी स्वयंपाक सगळा करीन, पंगतीत वाढायला उभी राहणार नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, मला वाढायलाच आवडते. इतकी वर्षं आम्ही दोघी उलटं करत होतो.

दुपारी शिपाई स्टूल घेऊन केबिनमध्ये आला. जून महिन्यापासून माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट बंद आहे. ती मीच स्टार्टर काढून बंद केली होती आणि सगळ्यांना सांगितलं होतं, पार्ट मिळत नाही. त्याला बाजारात पार्ट मिळाला होता. बिचारा सीताबर्डीला जाऊन, स्वतःच्या पैशाने घेऊन आला होता.

तो स्टुलावर चढला. माझ्या तोंडात कारण तयार होतं, राहू द्या, विजेचं बिल वाढतं. ते मी गिळलं.

“लावू नका,” मी म्हटलं. “ती बिघडलेली नाही. मीच काढली होती. मला त्या उजेडाचा त्रास होतो. ती लुकलुकते आणि गुणगुणते, आणि मग मला समोरच्याचं बोलणं समजत नाही.”

तो वरूनच माझ्याकडे बघत राहिला. मग खाली उतरला, हात पुसले.

“मंग आधी काहून नाही सांगितलं मॅडम? मी तीन दुकानं फिरलो ना.” खिडकीकडे बघत म्हणाला, “टेबल इकडं ओढू का? इथं उजेड चांगला येते.”

आम्ही दोघांनी मिळून टेबल ओढलं. स्टार्टरचे पैसे त्याला दिले. तो नको म्हणाला, मी विचारलं, नाही, की नाइलाजाने नाही? तो हसला आणि घेतले.