थंडी वाजते तेव्हा रक्तात काय चाललेलं असतं

पावसाळा सरता सरता पुण्यात कुणाला ताप आला की पहिली चौकशी प्लेटलेटची. त्या डेंगीत उतरतात तशा मलेरियातही उतरतात. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवीच.

व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियात दर साधारण 48 तासांनी परजीवी वाढलेल्या लाल पेशी फुटतात. नवे परजीवी बाहेर पडतात, सोबत हिमोझोइनचे, म्हणजे परजीवीने हिमोग्लोबिन पचवून उरलेल्या रंगद्रव्याचे, तपकिरी कण सांडतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ते गिळतात. कणांना चिकटलेला परजीवीचा डीएनए टीएलआर-9 हा पेशीतला रिसेप्टर ओळखतो आणि टीएनएफ, आयएल-1, आयएल-6 ही संदेश देणारी प्रथिनं सुटतात. हे संकेत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले की शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकतो, हुडहुडी त्याचीच. पॅरासिटामॉल इथेच काम करतं, परजीवीला हातही लावत नाही.

टी पेशींचं (याही पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन प्लीहेतल्या मॅक्रोफेजना, म्हणजे परजीवी गिळणाऱ्या पेशींना, जोर देतं; आयएल-10 हे दुसरं प्रथिन या प्रतिकाराला आवर घालतं. आवर लवकर बसला तर परजीवी माजतात, उशिरा बसला तर स्वतःच्याच अवयवांची नासधूस.

व्हायवॅक्सचे यकृतात झोपलेले परजीवी, म्हणजे हिप्नोझोइट, मात्र या सगळ्यातून निसटतात आणि पुढे जागे होऊन पुन्हा ताप आणू शकतात. म्हणून ताप उतरला तरी त्यांना मारणाऱ्या प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स पुरा करायचा. त्याआधी जी-6-पीडी या एन्झाइमची तपासणी (ते कमी असेल तर या औषधाने लाल पेशी फुटू शकतात), आणि गरोदरपणात हे औषध अजिबात नाही.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचं एचआरपी-2 हे प्रथिन शोधणारी रॅपिड टेस्ट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून औषध पुन्हा सुरू करू नये.