राडलर: निम्मी बिअर, निम्मं लिंबू

राडलर म्हणजे निम्मी हेलेस बिअर आणि निम्मं लिंबाचं फसफसणारं शीतपेय. कृती एवढीच. तरीही जर्मनीत नव्याने आलेली आपली मंडळी घरी ते करायला जातात तेव्हा कधी नुसतं गोड पाणी हाती येतं, तर कधी अर्धा ग्लास फेस होऊन ओट्यावर वाहतो. मुळात दोनच घटक, त्यामुळे एकही चूक झाकली जात नाही. थंडावा, ओतण्याचा क्रम आणि स्वच्छ ग्लास या तीन गोष्टी सांभाळल्या, तर उन्हाळ्याच्या दुपारी याच्याइतकं सुखाचं पेय नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आधी बिअर. हेलेस ही बव्हेरियाची रोजची फिकट लागर. कडवटपणा कमी, माल्टचा गोडवा जरा पुढे, अल्कोहोल साधारण 5 टक्के. उत्तरेत पिल्स जास्त चालते आणि ती चांगलीच कडू असते. लिंबाच्या गोडव्याखाली हे कडूपण शेवटी जिभेवर राहतं. काहींना तेच आवडतं, पण पहिल्यांदा करत असाल तर हेलेसच घ्या. शीतपेय रंगहीन, लिंबाचं आणि साखरेचं हवं. त्यात 100 मिलिलिटरला साधारण 9 ग्रॅम साखर असते आणि तेवढी लागतेच. डाएट प्रकार वापरला की कृत्रिम गोडवा मागे रेंगाळतो, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा वेगळा उघडा पडतो आणि दोन्ही एकजीव होत नाहीत.

आता ओतणं. अर्ध्या लिटरच्या ग्लासाला 250 मिलिलिटर शीतपेय आणि 250 मिलिलिटर बिअर. दोन्ही बाटल्या निदान चार-पाच तास फ्रिजमध्ये हव्यात, म्हणजे 5 ते 6 अंशांपर्यंत येतात. एक थंड आणि दुसरी खोलीच्या तापमानाची, हे तर अजिबात चालत नाही, कारण कोमट द्रवात गॅस टिकत नाही आणि मिसळताक्षणी उसळून बाहेर पडतो. ग्लास थंड पाण्याने विसळून ओलाच ठेवा. आधी लिंबाचं पेय, ग्लास तिरका धरून, कडेने. बुडबुडे निवले की बिअर: पहिला दोन-तृतीयांश भाग तिरक्या ग्लासात हळू, उरलेला ग्लास सरळ करून थोड्या उंचीवरून. साखरेमुळे शीतपेय बिअरपेक्षा जड असतं आणि तळाशी बसतं. वरून पडणारी बिअर त्यात घुसते, मिश्रण आपोआप होतं आणि फेस वर ताजा राहतो. चमचा घालायचा नाही, त्याने गॅस जातो.

क्रम उलटा केला तर काय होतं? बिअरवर आधीच फेस बसलेला असतो. शीतपेयात गॅस जास्त, तो बिअरमधून वर येताना मोठे बुडबुडे करतो आणि ग्लास ओसंडतो. हा फेस भरडही असतो, पटकन बसून जातो.

फेस मुळीच धरत नसेल तर दोष बहुतेक वेळा ग्लासाचा असतो. फोडणीच्या कढईच्या स्पंजनेच ग्लास घासला तर तेलाचा अदृश्य थर राहतो, आणि फेसाला मारायला तेवढा पुरतो. बिअरच्या ग्लासासाठी वेगळा स्पंज ठेवा. लिंबाची चकती ग्लासात टाकण्याचा मोहही याच कारणासाठी टाळा, कारण सालीतलं तेल फेस मोडतं. बर्फही नको. वितळून पेय पातळ होतं, शिवाय बर्फाच्या खरखरीत कडांवर गॅस सुटतो. आणि भरलेला ग्लास उन्हात ठेवू नका. हॉप्समधल्या घटकांवर उजेडाची क्रिया होऊन काही मिनिटांत कुबट वास यायला लागतो. तपकिरी बाटलीत बिअर वाचते, ग्लासात नाही.

हेलेसऐवजी गव्हाची वाइसबिअर घेतली की बव्हेरियात त्याला रुस म्हणतात. आमच्या मते लिंबाशी हीच जोडी सर्वांत छान जमते, कारण वाइसबिअरच्या यीस्टमध्ये मुळातच केळं आणि लवंगेचा गंध असतो. मात्र तिला फेस फार येतो, म्हणून उंच ग्लास घ्या आणि आणखी हळू ओता. बाटलीत तळाला थोडी बिअर ठेवून ती गोल हलवा, बसलेलं यीस्ट सुटलं की वर ओता. साखर नको असेल तर शीतपेयाच्या जागी फसफसणारं मिनरल वॉटर घ्या. ऑस्ट्रियात राडलर मागताना ‘साउअर’ म्हटलं की हेच मिळतं. खूप घाम गेल्यावर हा प्रकार गोड राडलरपेक्षा बरा वाटतो.

प्रांत बदलला की नावं बदलतात. हँबुर्गकडे राडलरला तिथल्या नदीवरून आल्स्टरवासर म्हणतात, नुसतं ‘आल्स्टर’ म्हटलं तरी चालतं. काही भागांत मात्र आल्स्टर म्हणजे संत्र्याचं शीतपेय घातलेली बिअर, तेव्हा नव्या गावात ‘मिट झिट्रोने?’ (लिंबाचं का?) एवढं विचारून घ्यावं. क्रेफेल्डर मागवलं तर गडद आल्टबिअरमध्ये कोला येतो. बर्लिनर वाइसमध्ये रास्पबेरीचं लाल किंवा वाल्डमाइस्टर या वनस्पतीचं हिरवं सिरप घालतात, पण ती बिअर मुळातच आंबट असल्यामुळे तिचा हिशोब निराळा.

राडलर म्हणजे सायकलस्वार. म्युनिकच्या दक्षिणेला डाइझेनहोफेनमध्ये कुग्लर आल्म नावाची जुनी खाणावळ आहे. सांगतात असं की 1922 च्या जूनमधल्या एका शनिवारी तिथे 13,000 सायकलस्वार आले, बिअर पुरेना, म्हणून मालक फ्रान्झ क्सावर कुग्लर यांनी लिंबाचं पेय मिसळून ती वाढवली. गोष्ट रंगतदार आहे, पण 1912 मध्ये छापलेल्या एका आत्मकथनात या पेयाचा उल्लेख आधीच सापडतो. म्हणजे शोध त्या दिवशीचा नाही. जागा मात्र आजही जाण्यासारखी आहे: शहरातून जंगलातल्या वाटेने सायकलवर, नाहीतर एस 3 लोकलने. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअरगार्टनमध्ये टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर घरचा डबा खाता येतो, फक्त पेय तिथलंच घ्यायचं. थालीपीठ आणि राडलर बरोबर जातात.

तयार बाटल्या तशा अलीकडच्या. आधी करविषयक कायद्यामुळे मिश्रण आधीच करून विकता येत नव्हतं, 1993 च्या बदलाने ती वाट मोकळी झाली. लेबलवर बिअरचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं, बहुतेक 50, ते जरूर वाचा. ‘नाटूरट्र्यूब’ लिहिलं असेल तर आत गाळ असतो. उघडण्याआधी बाटली एकदा हळूच उलटी करा, झटकू नका. पेयाच्या कॅनवर 25 सेंट अनामत असते, तो न चेपता मशीनमध्ये परत करा.

भारतात करायचं तर सौम्य, 5 टक्क्यांच्या आसपासची बिअर घ्या. 8 टक्क्यांची स्ट्राँग निम्मी केली तरी 4 टक्के उरते, म्हणजे जवळजवळ पूर्ण बिअरच, शिवाय तिचा दारूचा वास लिंबाने झाकला जात नाही. लिम्का चालतो, फक्त चव लाइमकडे झुकते. गोव्यात उन्हाळ्यात उराक या काजूच्या बोंडांच्या दारूबरोबर हाच लिम्का घेतात, तेव्हा जिभेला ओळखीचा आहेच. घरचं लिंबू वापरायचं असेल तर समान वजनाच्या साखर-पाण्याचा गार पाक 35 मिलिलिटर, गाळलेला रस 15 मिलिलिटर आणि चिल्ड साधा सोडा 200 मिलिलिटर. साखर कोरडी टाकली तर तिच्या कणांवर गॅस उसळतो. मिठाचंही तेच, त्यामुळे खारा सोडा आणि चाट मसाला इथे नकोत.

अर्ध्या लिटर राडलरमध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, त्याच मापाच्या हेलेसच्या निम्मं. चवीला शीतपेयासारखं लागतं म्हणून तिसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही, आणि तिथेच हिशोब चुकतो. जर्मनीत गाडी चालवायची सामान्य मर्यादा 0.5 प्रोमिल (रक्तात हजारात 0.5 भाग अल्कोहोल), पण 21 वर्षांखालच्यांना आणि नव्या परवान्याच्या परीक्षाकाळात शून्य. सायकललाही सूट नाही: 1.6 प्रोमिलपासून गुन्हा, आणि तोल जात असेल किंवा अपघात झाला तर 0.3 पासूनच. गाडी चालवणाऱ्यासाठी ‘अल्कोहोलफ्राय’ राडलर मागवा. त्यात 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, म्हणून ज्यांना अजिबात नको त्यांनी लेबलवर 0.0 शोधावं.