टेक्सास स्टेट गार्डमध्ये भरती होताना

ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की मी नॅशनल गार्डमध्ये आहे. तसं नाही. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याराज्यांतली राखीव फौज; तिला केंद्र सरकार देशाच्या सैन्यात बोलावून घेऊ शकतं, परदेशीही धाडू शकतं. स्टेट गार्ड मात्र फक्त राज्याचं, आमचा सरसेनापती गव्हर्नर. 1940 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास नॅशनल गार्डची 36 वी डिव्हिजन केंद्राच्या सेवेत गेली. मागे राज्यात कुणीतरी हवं, म्हणून 1941 मध्ये हे दल उभं राहिलं. हे दल देशाच्या सैन्यात ओढता येणार नाही, असं केंद्राचा कायदाच सांगतो.

साताऱ्याला बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले.

"कवायतीचा पगार किती?"

"काही नाही, बाबा. राज्याने ड्युटीवर बोलावलं तरच रोजचा भत्ता."

"आणि पेन्शन?"

"तीही नाही."

"मग जातेस कशाला?"

कारण 2017 चं हार्वे वादळ. पाणी चढलं तेव्हा आम्ही घर सोडून एका निवाऱ्यात गेलो होतो. तिथे गणवेशातली माणसं रात्रभर नावं नोंदवत होती, खाटा लावत होती. चौकशी केली तर ती स्टेट गार्डची निघाली: कुणी शाळेत शिकवणारं, कुणी नर्स, एक जण प्लंबर. तेव्हापासून मनात होतं. नागरिकत्व मिळालं आणि अर्ज केला.

अर्ज ऑनलाइन असतो. मग भरती पाहणाऱ्या सार्जंटचा फोन, मुलाखत, कागदपत्रं, डॉक्टरांकडून भरून आणायचा फॉर्म आणि चारित्र्य पडताळणी. पडताळणीच्या काळात बरेच दिवस कुणी काही कळवत नाही. तेव्हा हातावर हात ठेवून बसू नये. फेमाचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, 100, 200, 700 आणि 800 क्रमांकाचे कोर्स घरबसल्या, फुकट करता येतात. पुढे ते लागतातच. मला त्यातून सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली ती ही, की आपत्तीच्या जागी प्रत्येकाचा वरिष्ठ एकच असतो. पोलीस, अग्निशमन दल, रेड क्रॉस आणि आम्ही एकाच मैदानात असलो तरी कुणी कुणाला हुकूम सोडायचा हे आधीच ठरलेलं असतं.

शपथ देशाच्या आणि टेक्सासच्या, दोन्ही संविधानांची घेतली. हात वर करताना गळा दाटून आला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

प्राथमिक प्रशिक्षणात सलाम, हुद्दे, कवायत, प्रथमोपचार हे सगळं येतं. माझ्या तुकडीत पन्नाशी उलटलेलेही होते. पण जीव रमला तो मनगटपट्ट्यांच्या कामात. वादळाआधी किनाऱ्यावरून बस सुटतात, तेव्हा चढणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर बारकोडचा पट्टा बांधायचा, नाव-पत्ता नोंदवायचा, यंत्राने स्कॅन करायचं. कुत्रं-मांजर असेल तर त्याचीही नोंद मालकाशी जोडायची. बस पोचली की पुन्हा स्कॅन. आजी एका बसमध्ये आणि नातवंडं दुसऱ्या बसमध्ये गेली, तरी कोण कुठल्या शहरात उतरलं ते सापडतं. पट्टा बांधताना एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवा, असं आमच्या प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, घट्ट पट्ट्याने सोलवटते. बंदूक न धरणारी फौज म्हणून कुणी आम्हाला कमी लेखलं, की मी हे काम समजावून सांगते.

आता महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायतीला जातो आणि वर्षातून एकदा मोठा सराव असतो.

नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे राज्याच्या सैनिकी दलात असलेल्या आपल्या कायम कर्मचाऱ्याला, तो अधिकृत प्रशिक्षणाला किंवा ड्युटीला गेला म्हणून, खाजगी मालक कामावरून काढू शकत नाही. परतल्यावर तीच नोकरी मिळते. मी ते कलम छापून साहेबांना आधीच नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, ऑर्डर आली की फक्त एक मेसेज टाक.