आजोबांच्या आईचं नाव सापडलं

आज तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफारची (म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदीची) नक्कल मिळाली आणि मोडी वाचणाऱ्या काकांनी ती लगेच वाचूनही दिली, म्हणून विसरायच्या आत सगळं लिहून ठेवतेय.

आजोबांबद्दल घरात सगळ्यांना एवढंच माहीत की ते मामाकडे वाढले. वडिलांचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे म्हणे. बाबांनी कधी विचारलं नाही, आणि आत्याला जे आठवतं ते सगळं आजोबांच्या लग्नानंतरचं.

सुरुवात शाळेपासून केली होती. जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात जन्मतारीख 1 जून. आता 1 जूनचं काय ते आपल्याकडे सगळ्यांनाच माहितीये, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून गुरुजींनी टाकलेली तारीख, तिच्यावर विसंबून उपयोग नाही. पण त्याच ओळीत पालक म्हणून मामांचं नाव आणि शाळाही मामांच्याच गावची.

मग जमिनीचे कागद. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, ते धरून मागचा फेरफार काढायचा, त्यावरून त्याच्याही मागचा, असं उलटं जात राहायचं. (हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे त्याच्या आधीचं यात मिळत नाही, पण मला तेवढं मागे जायचंच नव्हतं.) आजचा फेरफार 1919 चा. खातेदार मयत, वारस मुलगा, आणि पुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अज्ञान म्हणजे अल्पवयीन वारस, त्याला सांभाळणारं माणूस), आई, आणि तिचं नाव! आमच्या घरात हे नाव कोणीही कधी उच्चारलेलं नाही. आजोबांना मामाने वाढवलं हे इतक्यांदा ऐकलंय की त्यांची आई बाळंतपणातच गेली असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती तर होती, नवरा गेल्यावर पोराच्या नावाची जमीन लावून घेण्यापर्यंत उभी होती.

पणजोबा कसे गेले ते कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, मिळालं. ऑक्टोबर 1918, कारण ताप. काकांनी पान वाचायला घेतलं तर वर ताप, खाली ताप, पुढचं पान पण ताप, म्हणजे तो इन्फ्लूएंझाच, दुसरं काय असणार. एकट्या मुंबई प्रेसिडेन्सीत 10 लाखांच्या वर माणसं गेली त्यात, आणि त्यातून त्या वर्षी पाऊसही नव्हता. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, पण आपल्याच घरातलं माणूस त्या यादीत असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. आणि त्याच पानावर थोडं खाली, चारच दिवसांनंतरची तारीख, बापाचं नाव तेच, मुलगी, वय दोन वर्षं. आजोबांना बहीण होती.

काका पुढे वाचत होते पण माझं लक्ष त्या ओळीवरून हटेना. एका आठवड्यात नवरा आणि मुलगी गेली आणि ही बाई उरलेल्या लेकाला घेऊन भावाकडे आली असणार, हा माझा अंदाज आहे, कागदात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण तारखा तेच सांगतायत. नंतर घरात गोष्ट सांगताना मामा तेवढा राहिला आणि ती गळून पडली, याचं मला आज फार वाईट वाटतंय. मामांचे उपकार आहेतच, पण त्यांच्या दारापर्यंत पोराला कोणी आणलं?

आत्याला फोन केला तर ती त्या मुलीबद्दलच विचारत राहिली, नाव काय होतं तिचं. नाव नोंदलेलंच नाही म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आजीचं कधी झालं तेही बघ.

ती नोंद मामांच्या गावच्या कोतवाल बुकात असायला हवी, तो तालुका वेगळा आहे. अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देते.