उजवा खिसा रिकामा

आमच्या दुकानात रिव्हॉल्व्हरचं कव्हर घ्यायला कुणी आलं की आम्ही आधी त्याच्यापुढं पितळी ताट सरकवतो. ‘खिसे रिकामे करा.’ माणूस बुचकळ्यात पडतो. कमरेचं माप घ्यायचं सोडून हे काय? पण ताटात काय पडतं त्यावरच कव्हर कुठं बसवायचं ते ठरतं. बुलेटची किल्ली, घरच्या किल्ल्यांचा जुडगा, दोन मोबाइल, फुगलेलं पाकीट, चष्म्याचं घर, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, कागदात बांधलेला अंगारा, सुट्टे पैसे. एका ऊस वाहतूकदाराच्या खिशातून ट्रॅक्टरचा नट निघाला होता. का ठेवलाय, त्यालाही आठवेना.

आजोबा करवीर तालुक्यात मोटा शिवायचे. विहिरींवर इंजिनं आली आणि मोटेचं काम संपलं, मग चपला. वडील शहरात आले, पट्टे आणि पाकिटं शिवू लागले. मी त्यांच्याच रापी-आरीवर शिकलो.

पहिलं कव्हर २००६ साली एका सराफांसाठी केलं. त्यांच्याकडं कानपूरच्या आयुध निर्माणीचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. सहा गोळ्यांचं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. अडचण पहिल्याच दिवशी आली. आमच्याकडं परवाना नाही, म्हणजे गिऱ्हाइकाचं हत्यार एक रात्रही ठेवून घेता येत नाही. मग शेठनी ते रिकामं करून स्वतःच्या हातात धरलं, आम्ही कागदावर मापं उतरवली आणि सुताराकडून सागवानी साचा करून घेतला. तो साचा आजही कामात आहे. भिजवलेलं कातडं त्यावर दाबून बसवायचं, हाडाच्या पट्टीनं कडा घोटायच्या, सावलीत वाळवायचं. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलंच लागतं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं मऊ असतं, पण आकार धरत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला डाग पाडतात. (चांगल्या कातड्याच्या कव्हरातही हत्यार महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात गंज चढायला वेळ लागत नाही.)

कव्हर छान झालं. पंधरा दिवसांनी शेठ परत आले. ‘कव्हर चांगलं आहे रे, पण सगळ्या पेठेला दिसतंय.’ मला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. शेठ आले, उजवा हात पँटच्या उजव्या खिशात घातला, जुडगा अडकला, त्यांनी हिसका दिला, शर्ट वर गेला आणि कव्हराचं टोक बाहेर. शटरला तीन कुलपं. तीनदा तेच.

दोष कव्हराचा नव्हताच. आम्ही जुडग्याला हातभर लांब वादी लावली आणि तो डाव्या खिशात टाकला. पाकीट मागच्या डाव्या खिशात, मोबाइल डावीकडं पट्ट्याला आडव्या पाउचात, म्हणजे बसताना पोटात रुतत नाही. उजव्या खिशात फक्त रुमाल. उजवा हात मोकळा राहतो, तो सारखा कमरेशी जात नाही, आणि सातशे ग्रॅमपुढं दुसऱ्या बाजूला थोडं वजन आल्यानं पँट एकीकडं ओघळत नाही. पट्टा मात्र दुहेरी कातड्याचाच हवा, चाळीस मिलिमीटर रुंद. आपले टेलर लूप लहान ठेवतात, म्हणून टेलरला द्यायला आम्ही मापाची चिठ्ठीच देतो.

सवय लागायला वेळ जातो. तंबाखूवाल्यांना सगळ्यात जास्त. मळायचं डाव्या तळहातावर, म्हणून पुडी काढायला उजवा हात आपोआप उजवीकडं जातो. एक आबा महिनाभर वैतागले, मग म्हणाले, ‘तंबाखूच सोडतो.’ सोडली नाही.

नेहरू शर्ट आणि पायजम्यावाल्यांचं वेगळंच त्रांगडं. पायजम्याला नाडी, पट्टा कशाला लावणार? जुने व्यापारी कमरेला पैशाची पिशवी, म्हणजे कसा, बांधायचे, त्यावरून आम्ही शर्टाच्या आत बांधायचा रुंद कमरपट्टा केला. पैसे आणि परवान्याचं पुस्तक बंडीच्या डाव्या चोरखिशात. घामानं पुस्तकाची पानं चिकटतात, म्हणून त्याला मेणकापडाची पिशवी.

आता आमची चूक. २००९ मध्ये मला वाटलं, एवढे कप्पे वेगवेगळे कशाला, सगळं एकत्रच द्यावं. एका मोठ्या पाउचात मध्ये रिव्हॉल्व्हर, पुढं किल्ल्या आणि चष्मा, तोंडाला ओढून बांधायची दोरी. अकरा नग गेले. मग इस्लामपूरकडच्या एका बागायतदारांचा फोन आला. घरी रिकामं हत्यार घालून-काढून बघताना दोरीची गाठ घोड्याच्या (ट्रिगरच्या) कडीत शिरली होती. पुढच्या कप्प्याची शिवण उसवून एक किल्लीही आत आली होती. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. अकराही नग परत मागवले, पैसे दिले आणि रापीनं कापून टाकले. त्यातला एक तुकडा अजून मशिनीच्या वर खिळ्याला लटकतोय. तेव्हापासून ज्या कप्प्यात हत्यार, तिथं दुसरं काही नाही. पेन नाही, नाणं नाही, दोरी नाही, आणि घोडा पूर्ण झाकणारं कडक कातडं.

२०१४ मध्ये कानपूरहून बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं, पाचशे ग्रॅमच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये बसवून द्या, अशी मागणी आली. आम्ही स्वतंत्र चेनचा, ताठ कव्हराचा कप्पा करतो, पण मनापासून नाही. पर्स खुर्चीला अडकवली जाते, बिस्किटासाठी पोरं त्यात हात घालतात. माझी बायको हिशेब बघते, तीच अशा गिऱ्हाइकांशी बोलते आणि निम्म्यांना कमरपट्ट्यावर वळवते.

२०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळेनासं झालं, आम्ही पूर्ण म्हशीच्या कातड्यावर आलो. जाड असतं, हात दुखतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार सार्वजनिक जागी कव्हरात आणि पूर्ण झाकलेलंच हवं असं आलं, त्यानं मागणी वाढली. लग्नात कंबर दाखवत मिरवणारे तोवर उघडं कव्हर मागायचे. त्यांना नाही म्हणायला आता कायद्याचा आधार आहे. निवडणूक आली की मात्र शुकशुकाट. आचारसंहितेत बऱ्याच जणांचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं, कव्हर कोण घेणार? त्या महिन्यांत आम्ही वाद्या, चष्म्याची घरं आणि मोबाइलचे आडवे पाउच विकतो. परवाना नसलेलेही नेतात. दूध संकलनवाले, एसटीचे कंडक्टर. खरं सांगायचं तर आज आमची निम्मी विक्री या बारीकसारीक वस्तूंचीच आहे.

चौघे कारागीर आहेत. दोघे माझ्याच हाताखाली तयार झाले, एक चुलतभाऊ आणि चौथा वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला अजून मशिनची शिवण पटत नाही.

ते सराफ शेठ गेल्या दिवाळीत आले होते. वय झालं, परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, हत्यार रीतसर देऊन टाकलं. कमरेला काही नाही. ताटात जुडगा ठेवला, तोही डाव्या खिशातून काढून, आणि म्हणाले, ‘वादी दोन इंच वाढव. खांदा आखडलाय.’